सुफळ संपूर्ण, पण कुणाच्या भरवशावर?

चातुर्मास आणि बायकांचं एकत्र वाचन यांचं नातं जुनं आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत गावोगाव पोथी लागायची. दुपारचं मागचं आवरलं की कुणाच्या तरी ओसरीवर बायका जमायच्या. एक वाचायची, अर्थ सांगायची; बाकीच्या वाती वळता वळता, धान्य निवडता निवडता ऐकायच्या. जिला अक्षरओळख नव्हती तीही त्यात बरोबरीने सामील असायची. श्रावणातल्या कहाण्या तर बायकांनीच बायकांना सांगायच्या. त्यांचा साचा आपल्याला पाठ आहे. नावडती राणी, तिचे हाल, तिने घेतलेला वसा, मग देव प्रसन्न होतो, राजाचं मन पालटतं आणि सारं सुफळ संपूर्ण.

गेल्या चातुर्मासात आम्ही अकराजणींनी हीच रीत ठेवली, फक्त पोथ्या बदलल्या. आम्ही ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचल्या. महिन्याला एक पुस्तक, आणि एक रविवार सोडून पुढच्या रविवारी रात्री नऊ वाजता फोनवर व्हिडिओ-बैठक. त्यात कोकणातली एक परिचारिका आहे, लातूरकडची शिक्षिका आहे, नागपूरची वकील आहे, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी आहेत, इंग्लंडमध्ये लेस्टरला संसार करणारी एक मराठी मैत्रीण आहे आणि समुपदेशन केंद्रांवर काम करणाऱ्या आम्ही काहीजणी आहोत. चौघींना इंग्रजी पुस्तक वाचायची सवय नाही. त्यांना दर बैठकीत कुणीतरी पुढची गोष्ट मराठीत सांगायची, अगदी पोथी सांगितल्यासारखी. नेमके प्रश्न बहुतेक वेळा त्या चौघींकडूनच आले.

हे कळल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्तीने सरळ विचारलं, “पोटगीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही ड्यूक-लॉर्डांची प्रेमप्रकरणं वाचत बसलात?” प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी अनेकींच्या मनात तो येईल, म्हणून या अंकाचं संपादकीय त्यालाच दिलं आहे.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना हसण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉर्जेट हेयर यांची पहिली कादंबरी १९२१ मध्ये आली आणि १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून त्यांनी १८११ ते १८२० हा रीजन्सीचा काळ प्रेमकथेसाठी कायमचा रुजवला. राजा तिसरा जॉर्ज आजारी होता आणि त्याचा मुलगा त्याच्या वतीने कारभार पाहत होता, तो हा काळ. पुढे अमेरिकेत १९७२ मध्ये कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने या प्रकाराला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्या बहुतेक बायका, आणि म्हणूनच की काय, वाङ्मयाच्या दरबारात जागा पायरीवर. १९८४ मध्ये जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने एका गावातल्या वाचक गृहिणींशी बोलून ‘रीडिंग द रोमान्स’ हा ग्रंथ लिहिला. पुस्तकात काय आहे याइतकंच पुस्तक उघडणं ही कृती त्या बायकांना महत्त्वाची वाटत होती, हे त्यांना आढळलं. दिवसभर सगळ्यांची उस्तवार करणाऱ्या बाईचा तेवढा वेळ तिचा असायचा. हे समजायला आपल्याला अमेरिकेत जावं लागत नाही.

पण वेळ मिळाला एवढ्याने काम भागत नाही. त्या वेळात मन कुठे जातं हेही पाहायला हवं. आमच्या चार महिन्यांच्या वाचनातून एक गोष्ट स्पष्ट झाली. या कादंबऱ्या एक फार मोठा प्रश्न विचारतात: या बाईला सुख कसं मिळेल? धर्मग्रंथ, कायदा, घर, शासन यांपैकी कुणीही हा प्रश्न गोष्टीच्या मध्यभागी ठेवत नाही. त्याचं कादंबरीने दिलेलं उत्तर मात्र तपासून घ्यावं लागतं. कहाणीत देव प्रसन्न होतो, इथे ड्यूक प्रसन्न होतो. बाईचं सुख दोन्हीकडे कृपेवर टांगलेलं.

पहिलं पुस्तक घेतलं हेयर यांचंच, ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ (१९३४). काळ अठराव्या शतकाचा. घराणं कर्जात बुडालेलं, भाऊ जुगारी. थोरल्या बहिणीचं एका गरीब लष्करी अधिकाऱ्यावर प्रेम, पण तिला मागणी आली आहे एका धनाढ्य उमरावाची. तेव्हा सर्वांत धाकटी, सतरा वर्षांची, बोलताना अडखळणारी होरेशिया स्वतः त्या उमरावाच्या घरी जाते आणि सुचवते की बहिणीऐवजी माझ्याशी लग्न करा. तो पस्तिशीचा. पुढची गोष्ट खेळकर आहे, नवरा समंजस आहे, शेवट गोड आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर आमच्या शिक्षिका मैत्रिणीने विचारलं, “आणि तो तसा नसता तर?”

तो तसा नसता तर काय, याचं उत्तर वकील मैत्रिणीने दिलं. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की स्त्रीचं वेगळं अस्तित्व उरत नसे. तिची रोख रक्कम, दागदागिने, तिची कमाई नवऱ्याची. मुलं नवऱ्याची. श्रीमंत बाप लग्नाआधी विश्वस्तांमार्फत करार करून मुलीसाठी काही रक्कम राखून ठेवत. गरिबाच्या लेकीला तोही मार्ग नव्हता. १८५७ च्या कायद्यापूर्वी दुसरं लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असला तर पार्लमेंटमध्ये स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यावं लागे. दीडशेहून अधिक वर्षांत असे तीनशेच्या वर घटस्फोट झाले. त्यांतले स्त्रियांना मिळालेले अवघे चार. नाटककार शेरिडनची नात कॅरोलाइन नॉर्टन हिची तिन्ही मुलं नवऱ्याने १८३६ मध्ये तिच्यापासून तोडली. ती लिहिती बाई होती, ओळखी मोठ्या होत्या, तरी कायद्यापुढे तिचं काही चालेना. तिने लेखणी हाती घेतली, आणि त्या लढ्यातून १८३९ चा मुलांच्या ताब्याचा कायदा झाला. मालमत्तेचे कायदे आणखी पुढे, १८७० आणि १८८२ मध्ये आले. म्हणजे रीजन्सी कादंबरीतली प्रत्येक नायिका शेवटच्या पानावर चर्चमध्ये जाते ती स्वतःचं सर्वस्व एका माणसाच्या स्वाधीन करायला. तो माणूस चांगला निघतो, कारण लेखिका चांगली आहे.

केंद्रावर येणाऱ्या बायकांचे चेहरे इथे माझ्या डोळ्यांसमोर आले. “ते तसे चांगले आहेत हो,” हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. चांगले आहेत म्हणून घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, चांगले आहेत म्हणून पासबुक त्यांच्याकडे. मग एक दिवस दारू येते, दुसरी येते, नोकरी जाते किंवा नुसताच स्वभाव बदलतो, आणि वीस वर्षं राबलेली बाई दोन पिशव्या घेऊन आमच्या दारात उभी राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, ती लढाई आपण जिंकली. पण संसारात जमवलेल्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कायद्यात नाही. शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज अमदानीतल्या १८६७ च्या नागरी संहितेमुळे, वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते. अंमलबजावणीत तिथेही अडचणी आहेत. तरी निदान कागदावर तिथल्या बाईचा वाटा नवऱ्याच्या स्वभावावर ठरत नाही.

याच चर्चेत रखमाबाई आली, कारण इंग्लंडचा हा कायदा बोटीत बसून आपल्याकडेही आला होता. बायकोने नांदायला आलंच पाहिजे, नाहीतर न्यायालय तिला भाग पाडेल, हा दावा मूळचा इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईवर तिचा नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असा दावा लावला. त्याच वर्षी इंग्लंडने आपल्याकडच्या बायकांना या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली! १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद भोग, असं फर्मावलं. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतली. १९५५ मध्ये ती वारली. त्याच वर्षी आपला हिंदू विवाह कायदा झाला आणि त्याच्या नवव्या कलमात नांदवण्याचा तोच दावा कायम राहिला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. पोटगी मागणाऱ्या बाईविरुद्ध हे कलम कसं वापरलं जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं पुस्तक ज्युलिया क्विन यांचं ‘द ड्यूक अँड आय’ (२०००). डिसेंबर २०२० मध्ये त्यावर ‘ब्रिजरटन’ ही मालिका आली आणि आपल्याकडच्याही तरुण मुलींनी ती पाहिली. त्यात एक प्रसंग आहे. नवऱ्याला मूल नको आहे आणि त्याने ते स्पष्ट सांगितलं आहे. तरी तो दारूच्या अमलाखाली असताना बायको त्याची मर्जी डावलून संबंध पुरा करून घेते. या बैठकीत आमच्यात चांगलीच जुंपली. मावशी म्हणाल्या, तिला मूल हवं होतं, तिची काय चूक? वकील मैत्रीण म्हणाली, बाईच्या जागी पुरुष ठेवून हाच प्रसंग वाचा. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग परिचारिका मैत्रीण म्हणाली, दवाखान्यात बायका गर्भपातासाठी येतात तेव्हा विचारलं तर एवढंच सांगतात, “ते ऐकत नाहीत.” त्याला त्या अत्याचार म्हणत नाहीत. त्यांच्याकडे त्यासाठी शब्दच नाही.

त्या रात्री बैठक साडेबाराला संपली. लग्नाला तीस-तीस वर्षं झालेल्या बायका पहिल्यांदाच बोलल्या, आणि त्यात नुसती तक्रार नव्हती. काय आवडलं असतं, काय कधी विचारलंच गेलं नाही, हेही होतं. आपल्या शिबिरांत लैंगिकतेचं सत्र असतं, पण ते बहुतेक वेळा हिंसेपासून सुरू होऊन हिंसेवर संपतं. केंद्रातल्या नोंदणी-अर्जात मारहाण, उपासमार, संशय, हुंडा यांचे रकाने आहेत. ‘तुला काय हवं आहे’ याचा रकाना अर्जाच्या शेवटी येतो, आणि तिथेही आम्ही ‘पोटगी’ किंवा ‘नांदायचं आहे’ एवढंच लिहितो. एका परक्या देशातल्या, खोट्या ड्यूकच्या आडून बायकांना आपल्या इच्छेबद्दल बोलता आलं, हे कार्यकर्त्या म्हणून आपण गंभीरपणे घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्ये नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. त्या काळच्या अनेक कादंबऱ्यांत हे सर्रास होतं. आज लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच कादंबऱ्यांत नायक विचारतो, थांबतो. हा बदल आपोआप झाला नाही. मधल्या काळात १९७६ मध्ये नेब्रास्काने, आणि १९९३ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी विवाहांतर्गत बलात्कार हा गुन्हा मानला. इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नवऱ्याची जुनी सूट नाकारली. चळवळीने कायदा हलवला आणि वाचकांची नजरही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला दिलेली सूट तशीच्या तशी आहे. नाव नवं, संहिता नवी, नवरा तोच.

या झगमगाटाचा पैसा कुठून आला, हाही प्रश्न आम्ही सोडला नाही. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये केला, आणि दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. राबलेल्यांना काही नाही. ज्या रीजन्सी काळात कादंबरीतले नायक नृत्यगृहात हिंडतात, त्याच काळात, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. खुद्द हेयर यांच्या ‘द ग्रँड सोफी’मधलं (१९५०) ज्यू सावकाराचं चित्रण द्वेषाने बरबटलेलं आहे. नायिका कितीही बाणेदार असली तरी लेखिकेच्या नजरेत कोण माणूस आहे आणि कोण नाही, हे पाहिल्याशिवाय पुस्तक मिटू नये.

म्हणून तिसरं पुस्तक मुद्दाम बेव्हर्ली जेन्किन्स या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेचं घेतलं, ‘इंडिगो’ (१९९६). नायिका हेस्टर वायट गुलामगिरीत वाढलेली. निळीच्या कामाने तिचे हात कायमचे निळे झालेले. आता ती मिशिगनमध्ये स्वतंत्र आहे आणि पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोचवते. ही प्रेमकथा वाचताना आमच्यातल्या काहीजणींचं एक ठाम मत ढिलं झालं. लग्न म्हणजे बेडीच, असं आपण चटकन म्हणतो. पण गुलामगिरीच्या राज्यांत गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती. नवरा-बायको वेगवेगळे विकले जात, मुलं विकली जात. ज्यांना लग्न नाकारलं गेलं त्यांच्यासाठी आपल्या निवडीचं, कायद्याने मानलेलं लग्न ही मुक्तीच होती.

आपल्याकडे हे जातीच्या संदर्भात समजतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह पुढे ठेवला. इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेमी घोडागाडीतून स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला पळतात, कारण इंग्लंडच्या १७५३ च्या कायद्याने लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार जाहीर वाचणं किंवा परवाना काढणं बंधनकारक केलं होतं, आणि वय एकवीसच्या आत असेल तर बापाचा हुकूम आड येई. आमच्या बैठकीत यावर हसू उसळलं, मग विरलं. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आजही आहे. त्या तीस दिवसांत मुलीच्या घरचे येतात, गावकी येते, संघटना येतात. मुलगी सज्ञान असली तरी अपहरणाची तक्रार होते. ग्रेटना ग्रीन आपल्याकडे नाही. म्हणून जोडपी केंद्राच्या दारात येतात, आणि कधी कधी पोचतच नाहीत.

शेवटच्या महिन्यात घरी आलो. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) घेतली. आपल्या ऐतिहासिक प्रेमकथेला इंग्रजीसारखा हमखास सुखान्त नाही, आणि इथे तर बाजीराव-मस्तानीचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत. बाजीरावाचं प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. तो पराक्रमी होता, सत्ताधीश होता, तिच्या बाजूने होता. तरी तो दूर असताना त्याच्याच घरच्यांनी मस्तानीला कैदेत ठेवलं. १७४० मध्ये तो रावेरखेडीला गेला, आणि त्याच्यामागोमाग तीही. साऱ्या हिंदुस्थानात दरारा असलेल्या माणसाचं प्रेमही बाईला आपल्या घरात सुरक्षित ठेवू शकलं नाही. आणि काशीबाई? तिला तर कुणी काही विचारलंच नाही. चार पुस्तकांत आम्हाला सर्वांत खरं उत्तर दिलं ते या शोकान्तिकेने.

तेव्हा मैत्रिणींनो, प्रेमकथा वाचू नका असं मी म्हणणार नाही. मुलींच्या हातातून पुस्तक हिसकावणारे पुष्कळ आहेत, त्यांत आपली भर नको. सुखाची मागणी ही चैन नाही, ती आपल्या जाहीरनाम्यातली मागणी आहे. पण सुख चांगल्या नवऱ्याच्या भरवशावर सोडायचं नाही, एवढं वाचताना ठरवून घेऊ.

येत्या चातुर्मासात तुमच्या बचतगटात, वस्तीतल्या मंडळात, किशोरींच्या गटात एखादी कादंबरी घ्या. इंग्रजीच हवी असं नाही. ग्रंथालयात मिळेल ती घ्या, एकीने वाचा, बाकीच्यांनी ऐका. शेवटचं पान झालं की चारच प्रश्न विचारा. घर कुणाच्या नावावर आहे? ती ‘नको’ म्हणाली असती तर काय झालं असतं? तिला बाहेर पडायचं असतं तर ती कुठे गेली असती? आणि या घरातला पैसा कुणाच्या कष्टाचा आहे? मग एक पाचवा प्रश्न, गोष्टीतल्या बाईला नव्हे, समोर बसलेलीला: तुला काय हवं आहे? या प्रश्नाला वेळ द्या. उत्तर पहिल्या बैठकीत येत नाही.

आमच्या केंद्रातल्या अर्जात या महिन्यापासून तो रकाना आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे. कलम नऊ आणि विवाहांतर्गत बलात्काराची सूट या दोन्हींबद्दल तुमच्या भागातले अनुभव पुढच्या अंकासाठी जमा करत आहोत. बाईचं नाव-गाव न देता, पण तपशील नीट लिहून पाठवा. आणि तुमच्या गटाने काय वाचलं, कुठे भांडण झालं, तेही जरूर कळवा.